कटोरीतली राख

माझी नात रंजिता हिचं लग्न झालं, ते साल २०२३. फेब्रुवारीत लग्न उरकून मी आर्णीजवळच्या आमच्या तांड्यातून लोहाऱ्याला कामावर परतलो. तांड्यातल्या घराला कुलूप असतं. बायकोला, चंदाबाईला, जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्याला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कोळसा तपासायची लॅब आहे, तिथे मी भांडी धुतो, नमुने दळतो. साठी उलटल्यावर, नमुने तपासणाऱ्या शाल्मली मॅडमनी मला तिथेच अक्षरं शिकवली, पुड्यांवर लेबलं लिहिता यावीत म्हणून. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस तेवढं एकच.

कोळशाची उष्णता मोजणारं यंत्र दर महिन्याला पडताळावं लागतं. बेंझोइक ॲसिडची पांढरी गोळी कटोरीत ठेवायची, कटोरी जाड पोलादी भांड्यात बंद करायची, ऑक्सिजन भरायचा, भांडं पाण्यात बुडवून बटण दाबायचं. आत गोळी जळते, पाणी तापतं. गोळीची उष्णता आधीच ठाऊक असते, त्यावरून यंत्र खरं सांगतं की खोटं ते कळतं. शुद्ध गोळी जळली की मागे काही उरत नाही.

मार्चमध्ये उरलं. चिमूटभर करडी राख.

“काका, कटोरी धुतली नव्हती काय?”

“धुतली ना मॅडम. भट्टीत लाल करून घेतली.”

आमचे मॅनेजर चारुदत्त सर दारातूनच म्हणाले, “त्याले आता दिसत नाही. ऑडिटवाल्याले काय सांगू, भूत जेवून गेलं म्हणून? सोमवारी कटोरी साफ निघाली नाही तं म्हाताऱ्याले घरी पाठवा.”

घरी म्हणजे त्या कुलपाकडे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बाहेर बसवलं आणि कटोरी स्वतः धुतली. राख निघालीच. तिसऱ्या दिवशीही, चौथ्याही. वजन रोज एकच, दशांशाच्या चौथ्या आकड्यापर्यंत. पाणी मात्र तापायला हवं तेवढंच तापलं.

“मळ असा मोजून येत नसते, काका,” त्या म्हणाल्या. “तुमचा दोष नाही. मी सरांना लिहून देते.”

शनिवारी त्यांनी गोळी ठेवलीच नाही. पेटवायची तारही जोडली नाही. रिकामी कटोरी बंद करून बटण दाबलं. पाणी तापलं नाही.

भांडं उघडलं.

कटोरी राखेने काठोकाठ भरली होती.

मी बोट लावलं. कोमट.

“फेकून द्या,” मॅडम म्हणाल्या.

“राख फेकत नसतात, मॅडम. कोणाची तरी असंन.”

“मग न्या तुमच्या नदीवर.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

मी पुडी बांधली. लॅबमधली पुडी लेबलाशिवाय बाहेर जात नाही. तारीख, वजन, तपासणाऱ्याचं नाव. नेहमीसारखं लिहिलं.

रविवारी तांड्याजवळच्या अरुणावती नदीवर गेलो. पाणी गुडघाभर. घाटावर कोणी नव्हतं. आमच्या घरी राख सोडताना नाव घ्यायची रीत आहे. मला नाव ठाऊक नव्हतं, आणि बिननावाची सोडवेना. चंदाबाईचं घ्यावं, तर तिची राख मीच सोडली होती.

पुडीवर एक नाव होतं.

मी ते मोठ्याने वाचलं. एकेक अक्षर लावत.

सोमवारी मॅडमनी पाच गोळ्या जाळल्या. पाचही वेळा कटोरी लख्ख. सर म्हणाले, “राहा मग.” मॅडमनी मला चहा पाजला.

गुरुवारी मी त्यांच्या वडिलांसोबत, कमलाकर साहेबांसोबत, यवतमाळच्या स्मशानात गेलो. मुलीची राख सावडायची होती.

ओटा स्वच्छ होता. लोखंडी जाळीखाली एक कण नव्हता.

“कोणी झाडलं?” साहेबांनी विचारलं.

“कोणीच नाही, साहेब,” राखणदार म्हणाला. “विझली तेव्हापासून असंच हाय.”

शाल्मली कमलाकर पांढरीपांडे, वय अठ्ठावीस, मंगळवार, २१ मार्च २०२३ रोजी सकाळी राहत्या घरी वारल्या.