काचेच्या बाई

"आमच्या बाईंना वेड लागलं म्हणे, आणि त्या घरातून निघून गेल्या म्हणे. त्यांचा भाऊ सांगतोय. मला काही पटत नाही. तुम्ही लगेच बघा."

फोन विद्यापीठातून आला होता, बाईंच्या विभागातल्या मैत्रिणीचा. फौजदारांनी चहा तसाच टाकला आणि निघाले. मुळात पायाला भिंगरी लावलेला माणूस, त्यात ही बातमी.

बाई साहित्याच्या प्राध्यापक. जुन्या लेखनात वेड आणि उदासी कशी येते, या एका विषयात त्यांनी उभी हयात घातली होती. लग्न केलं नव्हतं. वडिलांच्या घरात धाकट्या भावासोबत राहायच्या. वरचा मजला त्यांचा, खाली भावाचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान.

फौजदार वरच्या खोलीत गेले. खुर्चीभोवती उशा रचलेल्या. टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधलेल्या. टेबलावर हाताने लिहिलेल्या कागदांचा ढीग, आणि अक्षर असं की मुंगी शाईत बुडून पळत सुटलीय. शाईची बाटली, पेन, बस्स. दुसरं काही यंत्रबिंत नाही.

भाऊ दारातच उभा होता.

"कधीपासून असं?"

"महिना झाला, साहेब. म्हणायची, मी काचेची झालेय. हात लावू नका, तडकेन. काल सकाळी उठून बघतो तर नाही."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"चारचौघांत शोभा नको म्हणून नाही दाखवलं. चुकलंच माझं."

"त्या काय लिहीत होत्या?"

"तिचं सगळं माझ्या डोक्यावरून जातं. मी एक ओळ वाचली नाही कधी."

डोळे लाल झाले होते बिचाऱ्याचे. फौजदारांना त्याची दया आली, खोटं कशाला बोला. नदीवर माणसं पाठवून ते तडक विद्यापीठात गेले.

काचेचं ऐकून मैत्रीण उसळलीच. परवाच आम्ही दोघी भरल्या बसमध्ये कोपरं मारत घुसलो, म्हणाली. बाईंची कोपरं सगळ्यांत पुढे होती.

"साहेब, काचेची झालेली माणसं शेकडो वर्षांपूर्वीच्या लेखनात सापडतात. हल्ली कोणी काचेचं होत नाही. हल्ली लोकांना वाटतं, मोबाइलमधून कोणीतरी आपलं ऐकतंय. वेडही काळाबरोबर बदलतं, हेच तर बाईंचं म्हणणं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यावरच आहे."

"तुम्ही वाचलंत ते?"

"मागितलं होतं. छापून आल्यावर वाच म्हणाल्या. गेल्या आठवड्यात प्रकाशकाकडे गेलं."

बाईंनंतर विभागप्रमुखाची खुर्ची हिचीच, हे फौजदारांना शिपायाने आधीच सांगितलं होतं. फोन हिने केला म्हणून काय झालं? चोराच्या उलट्या बोंबा त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या. येरझाऱ्या घालतच त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. प्रकरण मिळालं का? मिळालं, प्रकाशक म्हणाला. नेहमीसारखं सुबक टाइप केलेलं, एक चूक नाही.

फौजदार जागच्या जागी थांबले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. नदीवरची माणसं परत बोलावली. मग खाजगी मनोरुग्णालयांना एकामागून एक फोन. बाईंचं नाव त्यांनी घेतलंच नाही, विचारला फक्त आजार. गावाबाहेरच्या एकाने उत्साहाने सांगितलं: हो, आहे ना काचेची बाई. कालच भावाने आणून सोडली.

भावाला जीपमध्ये घातलं. वाटेत घर विकण्याचं त्याच्याच तोंडून निघालं.

बाई खाटेवर होत्या, डोळे औषधाने जड. सुई बघून 'हात लावू नका' म्हणून ओरडल्या, तेव्हा निदान पक्कंच झालं, असं तिथला डॉक्टर वर तोंड करून सांगत होता. मी वेडी नाही हे बाईंनीही सांगून पाहिलं होतं. पण तिथे सगळेच तसं म्हणतात.

"याला घर विकायचं होतं," फौजदार डॉक्टरला म्हणाले. "बाई सही देत नव्हत्या. त्या वेड्या ठरल्या की कारभार याच्या हातात. दाखला मिळेपर्यंत त्यांना कोणी ओळखीचं भेटू नये, म्हणून नाव बाहेर सांगू नका असं बजावून इथे ठेवलं आणि बाहेर निघून गेल्याची आवई उठवली. उशाही यानेच रचल्या. पण वेडा माणूस कसा वागतो, हे याला काय ठाऊक? आयुष्यात त्याने वेडाबद्दल एकच गोष्ट वाचली होती. बहिणीचं प्रकरण, टाइप करता करता. त्यातलं उचलून जसंच्या तसं सांगितलं. मोबाइलचं काही सांगितलं असतं, तर मी अजून नदीच ढवळत बसलो असतो."

वेड म्हणजे असंच असतं वाटलं, एवढंच भाऊ पुटपुटला.

बाईंनी मोठ्या कष्टाने मान वळवली.

"तू वाचतोस माझं?"

"सगळं वाचतो, ताई. पहिल्यापासून."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? कागद ठेवायचीस नि जायचीस. तो काचेचा माणूस मरेपर्यंत कोणाला जवळ येऊ देत नाही ना, तिथे मला रडू आलं होतं."

घरातल्या कोणीतरी आपलं लिहिलेलं वाचावं, म्हणून बाईंनी जन्मभर वाट पाहिली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"घेऊन जा याला," त्या फौजदारांना म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं.