पोचल्याचा फोन

शिवतेज सुट्टी संपवून मिरजेला गाडीत बसला आणि इकडे कवठे महांकाळात त्याच्या आईने, मनुबाईंनी, केरसुणी उचलून कोठीत ठेवली. दाराला सकाळीच ताजं तोरण बांधलं होतं. माणूस ड्युटीवर पोचल्याचा फोन येईपर्यंत घर झाडायचं नाही, हा त्यांचा नियम. नवरा फौजेत होता तेव्हापासूनचा.

सून अंकिता सांगलीला कॉम्प्युटर शिकलेली, आणि पसाऱ्याची तिला भारी चीड. त्यात इथली धूळ. सकाळी पुसलेला कट्टा दुपारी करडा. दोन दिवसांतच तिचे हात शिवशिवायला लागले.

"आत्या, निदान पायरी तरी झाडू का?"

"पोरगं वाटंत हाय. गप ऱ्हा."

घर झाडायचं नाही, तर नाही. तिने फोन झाडायला घेतला. तसाही तो तुडुंब भरला होता. शिवतेजने गाडीतून पाठवलेला फोटोसुद्धा उतरत नव्हता. ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइली तिने शोधून काढल्या. बहुतेक जुना कचरा. एक फाइल मात्र त्याच दिवशी सकाळी आलेली होती. नावाच्या जागी नुसते आकडे, आणि अर्धवट उतरलेली. तिने उघडून पाहिली तर फोटो. वरची पट्टी तेवढी दिसत होती, खाली सगळं करडं. पट्टीत त्यांच्याच दाराची चौकट, तोरण, आणि तोरणाखाली बारीक कापलेले केस.

सुट्टीत कुणीतरी काढला असेल, असं म्हणून तिने तो पुसून टाकला.

दुपारी फाइल परत आली होती. आता फोटो डोळ्यांपर्यंत उतरला होता. शिवतेजच तो. उंबऱ्याबाहेर उभा राहून आत बघत होता. तेव्हा कुठे तिचं लक्ष तोरणाकडे गेलं. फोटोतली पानं वाळून वळली होती. तिने मान वर करून दाराकडे पाहिलं. तिथलीही तशीच होती. दारात कुणी नव्हतं.

तिला भलतीच भीती वाटली. तिने फाइल पुसली.

दिवेलागणीच्या सुमारास ती आणखी एकदा आली. आता तो कमरेपर्यंत उतरला होता. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात पाण्याची रिकामी बाटली. तोंड उघडं, हाक मारताना असतं तसं.

अंकिताने डोळे मिटून 'पुसा'वर बोट दाबलं.

तेवढ्यात फोन वाजला. शिवतेजच्या बरोबर गेलेला पाटणचा उदयसिंह बोलत होता.

"वैनी, शिवतेजचा फोन आलाय का वो?"

"न्हाई. का?"

"सकाळी एका ठेसनावर पाण्याला उतरला, बाटली घेऊन. चढलाच न्हाई. लय शोधला. सामान हितंच हाय बगा."

तिने फोन ठेवला आणि फाइली धुंडाळू लागली. तात्पुरत्या फाइलींत काही नव्हतं. पुसलेल्यांतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पोलीस झाले, रेल्वे झाली, पलटणीतून फोनावर फोन आले. एवढं करूनही माणूस कुठेच नव्हता. ती स्क्रीनसमोर हात जोडून बसायची. ये, आता नाही रे पुसणार, म्हणायची. फोन सांगायचा, भरपूर जागा शिल्लक आहे.

मनुबाईंनी केरसुणी अजून काढलेली नाही. पोचल्याचा फोन आलेला नाही ना.

"तू कुटं झाडलं न्हाईस न्हवं गं?" एका सकाळी त्यांनी विचारलं.

"न्हाई, आत्या."

"मग बरं. ईल त्यो."

अंकिता दारात खिळून उभी होती. पायरीवर धुळीचा जाड थर बसला होता. त्यात शिवतेजच्या चपलांचे ठसे, एकावर एक, पुन्हा पुन्हा उंबऱ्यापर्यंत आलेले.

परत जाणारा एकही नव्हता.