कड्यावर आईनं मारलेली हाक

हे खरं घडलंय.

इथं अनुभव लिहिणारे सगळेच असं म्हणतात, मला माहीत आहे. पण आमच्या घरात भूतखेत, अंगारे-धुपारे यांना कधीच थारा नव्हता. पप्पा दर रविवारी विहारात पोरांना सांगायचे, पटलं नाही तर प्रश्न विचारा. म्हणून तर दोन वर्षं मी गप्प राहिले.

आता राहवत नाही.

मी मिनल. पिंपरीत संत तुकाराम नगरला राहते. घरात मी आणि आई, विमलबाई. धाकटा भाऊ आयुष चाकणला कंपनीत आहे. शिफ्टमुळे कुरुळीत खोली घेऊन राहतो.

पप्पा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. स्वतःच्या पायांनी चालत अॅम्ब्युलन्समध्ये बसले होते. दम लागला होता, तरी आईकडे वळून म्हणाले, "आलोच गं."

पाचव्या दिवशी फोन आला. चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही.

त्यानंतर आई भाजी आणण्यापलीकडे कुठं गेली नाही. दर पावसाळ्यात पप्पा तिला म्हणायचे, यंदा घाटात फिरायला जाऊ. आणि दर पावसाळ्यात ओव्हरटाइम निघायचा. शेवटी आयुषच म्हणाला, "ताई, आपण नेऊ तिला."

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. गुरुवार, म्हणजे कंपनीची सुट्टी. आयुषचा मित्र तौफिक, त्याचं चाकणला गॅरेज आहे. त्यानं आपली गाडी दिली.

जागेचं नाव सांगणार नाही. उद्या लोक तिथं रील बनवायला जातील. राजगुरुनगर सोडून पश्चिमेला तास-दीड तास, एवढंच समजा.

आई खूश होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, वर सोनकीची पिवळी फुलं. ती खिडकीला नाक लावून बसली होती. मधेच म्हणाली, "यांना आवडलं असतं."

साडेचारला आम्ही वर पोचलो. पठारावर चिटपाखरू नव्हतं. फक्त एक म्हातारी, गोजाबाई, पत्र्याच्या शेडखाली चहा आणि कणसं विकत होती.

"धुकं चढाया लागलंय," ती म्हणाली. "लवकर माघारी या."

शेडपासून दोनशे पावलांवर कडा. कड्याला लोखंडी कठडा. समोर दरी, पलीकडे काळा डोंगर. हाक मारली की ती परत येते, असं आयुषनं कुठंतरी वाचलं होतं.

"आयुऽऽष!" तो ओरडला.

"...युऽष... युऽष..." दरी म्हणाली.

मग मी माझं नाव घेतलं. तेही परत आलं. आई हसायला लागली.

"आई, आता तू."

"मी कुणाला हाक मारू?"

मग कठड्याला दोन्ही हात लावून तिनं जोरात हाक मारली.

"अहोऽऽ!"

आम्ही थांबलो.

हाक परत आली नाही.

वाराही पडला होता. दरीतून धुकं वर येत होतं...

आणि मग खालून आवाज आला.

"ओ..."

आयुष हसला. "खाली कुणीतरी ट्रेकर असेल."

"आलोच गं..."

त्याचं हसू तिथंच गेलं.

तो पप्पांचा आवाज होता. मुलगी बापाचा आवाज ओळखायला चुकत नाही.

मी वळेपर्यंत आई कठड्याखालून वाकून पलीकडे गेली होती. मी झेप घेऊन तिचं मनगट पकडलं.

"सोड मला. ते आलेत."

"आई, पुढं दरी आहे!"

"त्यांना दम लागलाय गं... ऐकू येत नाही का तुला? अर्ध्यात थांबलेत ते. सोड, मिने!"

मला ऐकू येत होतं.

धाप लागल्यासारखा श्वास. अगदी दोन हात खालून...

"आयुष, तिला मागून धर!"

तो कठडा ओलांडून तिकडे गेला. आणि तेवढ्यात धुकं अंगावर आलं. पांढरं, गार, ओलं. माझा हात मला कोपरापर्यंतच दिसत होता. पुढं काही नाही. फक्त मुठीतलं ते मनगट.

आई खेचत होती. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कळेना. माझी छाती कठड्यावर दाबली जात होती. पाय घसरत होते. मी रडत होते, विनवत होते, तिला आमची शपथ घालत होते.

मग एक हिसका बसला.

आणि ओढ थांबली. मनगट हातातच होतं, पण एकदम शांत... आणि गार.

"आई?"

मी मनगट हलवलं.

"आई, बोल ना!"

आवाज आला. पण समोरून नाही.

खालून आला.

"मिने... मला धर गं... मी पडतेय..."



"ताई!" आयुष डावीकडून ओरडला. "आई खाली अडकलीय! मी हात घालतो!"

"आई माझ्याकडे आहे! मी धरलंय तिला!"

"मग खाली कोण रडतंय?"



खालून आई हुंदके देत होती. "मिने, झुडूप सुटतंय गं... लवकर..." मला घाबरून हाक मारताना ती मिने म्हणते. फक्त तीच म्हणते.

खाली हात घालायचा तर मुठीतला हात सोडावा लागणार होता. आणि मुठीतला हात बोलत नव्हता.

मी चाचपडत दुसरा हात लांब केला. आयुषचा शर्ट सापडला. तो पोटावर पडून दरीकडे सरकत होता.

"ताई, सोड! माझी बोटं लागतायत तिला!"

मी सोडलं नाही.

दोघांनाही सोडलं नाही. एका हातात मनगट, एका हातात आयुषची कॉलर, आणि मी सगळा जीव लावून मागं ओढत राहिले. तो मला शिव्या देत होता. मी डोळे मिटून ओढत होते.

"मिने... सोडू नको ना..."

आवाज खाली गेला.

"मिने..."

अजून खाली.

मग काहीच नाही. काही पडल्याचा आवाजसुद्धा नाही.

आम्ही कठड्याच्या अलीकडे, पठाराच्या चिखलात पडलो होतो. धुकं जरा विरळ झालं. मी मुठीकडे बघायला घाबरत होते...

आई होती. केस ओले, साडी चिखलानं माखलेली. आमच्याकडे बघत होती.

"चला," ती म्हणाली.

आयुष तिला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही.

आम्ही तिला शेडपाशी आणलं. गोजाबाईनं आमच्याकडे पाहिलं, मग आईकडे. ती चहा गाळत होती. तिनं दोनच कप भरले.

"तिघं आहोत, आजी," मी म्हणाले.

ती आईकडेच बघत राहिली. "त्यास्नी हाक मारा बरं एकदा."

"आई," मी म्हणाले.

"ओ," आई म्हणाली.

आईनं आयुष्यात मला कधी ओ दिलेली नाही. ती नेहमी म्हणते, काय गं.

गोजाबाईनं चूल विझवली. "जावा आता. बिगी बिगी जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आयुष आणि तौफिक गावातली चार माणसं घेऊन दरीत उतरले. संध्याकाळपर्यंत शोधलं. काही सापडलं नाही. तौफिक म्हणाला, "भावा, काकू घरी आहेत ना? मग आपण शोधतोय कुणाला?"

आयुष वर चढायला लागला.

आईला डॉक्टरांना दाखवलं. सगळं ठीक आहे. स्वयंपाक तसाच करते. शेजारणींशी बोलते. प्राजक्ता, समोरची, म्हणते, काकू आता किती सावरल्यात. खरंच सावरलीय. त्या दिवसापासून ती पप्पांसाठी एकदाही रडली नाही. त्यांच्या फोटोवरची धूळ अशी पुसते, जशी टीव्हीवरची पुसते.

मी स्वतःला समजावते. धक्का बसला असेल. माणसं बदलतात.

पण कधीकधी ती भाजी चिरत असते आणि मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत असते. आणि वाटतं... त्या दिवशी मी कुणाला वर ओढलं? आणि कुणाला खाली जाऊ दिलं?

गेल्या महिन्यात मी आणि आयुष पुन्हा तिथं गेलो. आईला सांगितलं, तौफिकच्या गॅरेजला जातोय. शेड बंद होती. आभाळ स्वच्छ होतं, दरी तळापर्यंत दिसत होती.

मी कठड्याला धरून उभी राहिले. आई म्हणून एकदा हाक मारायची, एवढंच ठरवलं होतं.

तोंड उघडलं. आणि मिटलं.

काहीच आलं नाही तर ठीक. पण खालून मिने आलं असतं तर?

आयुषनं माझा दंड धरला. "ताई, चल. नको."

घरी आलो तेव्हा आईनं पानं वाढून ठेवली होती. आम्ही जेवायला बसलो. तिनं मला भाकरी वाढली, वर आमटी घातली. आणि भांडं खाली ठेवता ठेवता हळूच म्हणाली,

"मारायची होतीस की हाक."

आयुषचा घास हातातच राहिला.

मी ताटातलं सगळं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्याची पहिली शिफ्ट होती, तो कुरुळीला निघून गेला.

घरात आता आम्ही दोघीच असतो.