उमेआजीचा हट्टी ट्रॅक्टर

"बॉनचा, पितरांचा सण आटोपला, की ट्रॅक्टर भंगारात," तेत्सुजीमामाने जेवता जेवता जाहीर केलं आणि कानाएच्या घशात भोपळ्याची फोड अडकली.

ट्रॅक्टर उमेआजीचा. इतका म्हातारा, की होक्काइदोतले डोंगर त्याला 'दादा' म्हणत. या उन्हाळ्यात मात्र त्याचं स्टिअरिंग भलतंच जड झालं होतं. हे चाक वळवण्यापेक्षा शेत वळवून घेणं सोपं, असं शेजारी म्हणत. मामाचं मत वेगळं. ट्रॅक्टर ठणठणीत आहे, आईचे हातच गेले, आता तिने घरी बसावं; आणि ट्रॅक्टर गेल्याशिवाय ती काही बसायची नाही.

आजी भांडी आवरायला उठली. सुट्टीला आलेली कानाए मात्र रात्रभर तळमळली. आजीला घरी बसवणं म्हणजे वारा बरणीत भरणं!

सकाळी तिने आणि मामेभाऊ गेन्ताने मामालाच गोडीगुलाबीने ट्रॅक्टर बाहेर काढायला लावला. फाटकापाशी वळताना मामा घामाने निथळला.

"अंगणात दगड फार झालेत," तो धापा टाकत म्हणाला.

"बाबा, अंगण सिमेंटचं आहे," गेन्ता म्हणाला.

मग मामाने टायरांना दोष दिला. कानाए म्हणाली, मग चाकं अधांतरी करूनच बघू. आजीने जॅक लावला, आसाखाली लाकडी ठोकळे दिले. पुढची चाकं हवेत, तरी स्टिअरिंग कुरकुरलं आणि जागीच राहिलं. म्हणजे दोष हातांचा नव्हता, जमिनीचाही नव्हता. चाक जिथे वळतं, तिथेच काहीतरी अडलं होतं.

तिथे ग्रीस कधी भरलं, असं कानाएने विचारताच मामा फणकारला. दर आठवड्याला तो स्वतः भरत होता!

गेन्ताने फडक्याने सांधा पुसला. बाहेर ग्रीसचा चिखल, फटीत कोरडा गंज. आणि ग्रीस भरायची बारीक तोंडं? ती लालभडक! वसंतातल्या मिरवणुकीसाठी मामाने ट्रॅक्टर रंगवला होता, तोही इतक्या मन लावून, की ती तोंडंसुद्धा रंगाने बुजली होती.

"पण मी भरत होतो ना," मामा पुटपुटला.

"हो. दाराबाहेर," आजी म्हणाली.

मुलांनी रंग खरवडला, तोंडं डिझेलने धुतली. मामा ग्रीस दाबत राहिला, गेन्ता स्टिअरिंग डावं-उजवं हलवत राहिला. शेवटी खालून काळा राडा बाहेर आला आणि त्यामागून स्वच्छ पिवळं ग्रीस. गेन्ताचं स्टिअरिंग एकदम असं फिरलं, की तो सीटवरून घसरलाच.

दुपारी बटाट्याच्या शेताच्या टोकाला आजीने एका हाताने ट्रॅक्टर वळवला. दुसऱ्या हातात उकडलेलं कणीस होतं.

ती मुलांपाशी थांबली. "माझे हात गेले, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. खरं सांगू? मीसुद्धा. तुम्ही दोघांनी तेवढं चाकाला विचारून बघितलंत. शाबास रे पोरांनो."

मामाने मान खाली घालून आईची माफी मागितली आणि मुलांपुढेही वाकला.

"भंगारवाल्याला येऊ दे," कणसाचा घास घेत आजी म्हणाली. "रिकामा कशाला जाईल? तुझा रंगाचा ब्रश दे त्याला."