बकारामनं सोडलेली दंडार

"तुयापायी गावची दंडार मेली, बकाराम! तूच मारली तिले!"

म्हाताऱ्या छोटेलालचे ते शब्द अंगणात कोसळले आणि ओट्यावर चहा पीत बसलेल्या दुलीचंदनं मान वर केली. भाऊबीज नुकतीच झाली होती, गावात मंडईची जत्रा भरली होती. सडक अर्जुनीच्या शाळेत मास्तर असलेला दुलीचंद बायकोला, नीतूला घेऊन थोरल्या भावाकडे, बकारामकडे आला होता. जन्मभर दंडारीच्या नाच-नाटकात ढोलकी वाजवलेला छोटेलाल दारात संतापानं कापत होता आणि बकाराम मात्र दरवर्षीसारखा मान खाली घालून म्हणत होता, "गुडघा साथ देत नाही ना काका... काय करू?"

गुडघा! त्या गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं, हे साऱ्या जगात दोघा भावांनाच ठाऊक होतं...

आई-बाप गेल्यावर बकारामनंच दुलीचंदला वाढवलं. हाच बकाराम दंडारीत बाईचं काम करायचा. लुगडं नेसून, लांब केस मोकळे सोडून त्यानं फेर धरला की नवेगाव बांधपासूनची माणसं मंडईला लोटायची! आणि १९९९ साली नीतूच्या माहेरचे लोक घर पाहायला येणार होते, तेव्हा दुलीचंद त्याला म्हणाला होता, "गोंदियाचे लोक आहेत ते. तू बाई बनून नाचतं, हे समजलं तर पोरगी देतीन का? लाज वाटते मले, दादा!" संध्याकाळी बकाराम केस कापून घरी आला. नाच सुटला, तशी मंडळीही पांगली. बारा वर्षं गावाचे बोल त्यानं मुकाट्यानं सोसले!

आणि मी? मी आजही चहा पितो आहे... दुलीचंदला स्वतःचीच किळस आली.

"काका!" तो ओट्यावरून उतरला. "दादानं नाही, दंडार मी मारली! माह्या लग्नासाठी मीच त्याले नाचू नको म्हणलं... मले लाज वाटे त्याची!"

बकारामचा चेहरा रागानं लाल झाला.

"कायले बोलला रे? बायकोसमोर तुई मान खाली होऊ नये म्हणून बारा सालं ऐकून घेतलं मी! आन् आज तूच..."

दुलीचंदनं त्याचे पाय घट्ट धरले. "मार मले दादा! पण आता माह्यासाठी चूप नको राहू..."

दारातून नीतू पुढं आली. तिचे डोळे भरून आले होते. "पण मले कोणी विचारलं कुठं, दादा? लहानपणी मामाच्या गावी दंडार पाहाले मी जेवण सोडून पळत जाओ!"

दुलीचंदनं डोळे मिटून घेतले. म्हणजे तो त्याग... सारा व्यर्थ! बकाराम खाली बसला आणि पोरासारखा हुंदके देऊन रडला. त्याला रडताना दुलीचंदनं कधी पाहिलंच नव्हतं.

दुपारी नीतूनं मंडईसाठी सोबत आणलेलं आपलं ठेवणीतलं लुगडं काढून दिलं. छोटेलालनं ढोलकीवर थाप मारली आणि पिकल्या, आखूड केसांचा बकाराम मंडईच्या गर्दीत उतरला. मागं झील धरायला, सुरात सूर मिसळायला कुणी उरलं नव्हतं. दुलीचंद उभा राहिला. सूर लागेना, तरी तो गात राहिला...

तिसऱ्या फेराला बकारामला धाप लागली. धाकट्याच्या खांद्यावर हात टेकून तो म्हणाला,

"थांबू नको रे पोट्ट्या. तू गात राह्य... मी दम खातो."