बिनगाड्यांचा रविवार

सकाळी पावणेसातला पेपरवाल्याला बाई दिसल्या. उताराच्या तळाशी, वळणावर, पालथ्या पडलेल्या. दवाखान्यात पोचण्याआधीच त्या गेल्या.

फौजदार आला तेव्हा रस्त्यावर फक्त सायकल उरली होती. याच बाईंनी त्याला पाढे शिकवले होते. निवृत्तीनंतर तीन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्यांनी हा रस्ता महिन्यातला एक रविवार गाड्यांसाठी बंद करून घेतला होता. आजचा रविवार पहिला.

"तोल गेला असणार, साहेब," हवालदार म्हणाला. "रात्री दोनपर्यंत पाऊस होता. रस्ता निसरडा."

"तोल गेला तर मागचं चाक असं चेपतं?"

हवालदाराने मान खाजवली. "पण गाडी आणायची कुठून? दोन्ही टोकांचे अडथळे रात्री दहापासून लागलेत, माणसं बसलीत तिथे. आत परवानगी फक्त रुग्णवाहिकेला, ती दवाखान्याच्या दारातच होती. आणि इंजिनाचा आवाज एकाही घरात कुणी ऐकला नाही."

"आणि त्या गाड्या?"

वळणापलीकडच्या मैदानावर जुन्या मोटारींच्या क्लबच्या आठ गाड्या ओळीने उभ्या होत्या. क्लबने बंदला आधी कडाडून विरोध केला होता. शेवटी तडजोड झाली: गाड्या नुसत्या उभ्या करायच्या, लोकांनी बघायच्या. दिवसभरात एक जरी हलली, तर मैदान क्लबला कायमचं बंद.

"कालपासून तिथेच आहेत. आठही चाव्या काल संध्याकाळी सातला चौकीत जमा झाल्या. मी स्वतः मोजून घेतल्या."

ओळीतल्या शेवटच्या, स्वतःच्या गाडीशी क्लबचे अध्यक्ष उभे होते. बाईंचे धाकटे भाऊ. सगळे त्यांना तात्या म्हणत. ताज्या रंगाचं ते बॉनेट ते मऊ फडक्याने पुसत होते. डोळे लाल.

"हाताला काहीतरी काम हवं म्हणून पुसतोय," ते म्हणाले. "सगळ्याच पुसल्या. रात्रभर भिजल्या होत्या."

"बाईंशी बोलणं होतं?"

"तीन वर्षं नव्हतं. तिने माझ्या क्लबच्या मुळावर घाव घातला. पण म्हणून काय..."

"सकाळी कुठे होतात?"

"घरी. वर, चढावर. सकाळी सातला चालत खाली आलो, तर ही गर्दी."

फौजदाराने आठही बॉनेटांवर हात ठेवून पाहिला. सगळी थंडगार. क्लबचा मिस्त्री बाजूलाच होता.

"चावीशिवाय यातली एखादी हलवता येईल?"

"ढकलून येईल की. जुन्या गाड्या या, स्टीअरिंगला कुलूप नसतं. पण एवढं धूड चढावर ढकलत नेणार कोण?"

तेवढ्यात दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. फौजदाराने तो ऐकून घेतला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि एकेका गाडीखाली वाकून, हात घालून पाहत गेला. उठला तेव्हा दोन्ही गुडघे चिखलाने भरले होते.

"सगळ्यांना इथे बोलवा," तो म्हणाला.

क्लबची मंडळी जमली.

"गाडी चढावर न्यायची गरजच नव्हती," फौजदार म्हणाला. "ती वरच होती. सात गाड्यांखालची जमीन कोरडी आहे, कारण त्या पावसाआधी उभ्या राहिल्या. आठवीखाली ओला चिखल आहे. ती पाऊस थांबल्यावर आली."

हवालदाराचा चेहरा उतरला. त्याने चाव्या मोजल्या होत्या, गाड्या नाहीत.

"तात्या, काल आभाळ भरून आलं होतं. नवा रंग भिजू नये म्हणून तुम्ही चावी दिलीत आणि गाडी घरीच ठेवलीत. पहाटे हँडब्रेक सोडला. इंजिन बंद, आवाज नाही, उतार थेट मैदानापर्यंत. गाडी ओळीत लागली असती, कुणाला पत्ताही नसता. वळणावर बाई होत्या. मग बाकीच्या सात पुसून काढल्यात, म्हणजे तुमची एकटीच कोरडी दिसायला नको."

"खोटं आहे हे!" तात्या ओरडले. कुणीच त्यांची बाजू घेतली नाही. मिस्त्री खाली वाकला, आठव्या गाडीखाली हात फिरवला आणि चिखलाची बोटं सगळ्यांसमोर धरली.

तात्यांनी ती बोटं पाहिली. फडकं हातातून गळलं.

"ती मधोमध चालवत होती," ते हळूच म्हणाले. "जसा काही रस्ता तिच्या एकटीचा. ब्रेक दाबला, ओल्यावर चाकं घसरली. मला वाटलं, उठेल. ताई नेहमी उठायची."

"तुम्ही थांबलात?"

"थांबलो असतो तर गाडी हलली हे कळलं असतं. क्लब गेला असता."

"डॉक्टर म्हणतात, त्या अर्धा तास तरी जिवंत होत्या. रुग्णवाहिका दोन मिनिटांवर उभी होती. एक फोन केला असतात, तर वाचल्या असत्या."

तात्या गाडीच्या पायरीवर मटकन बसले.

"आई नव्वदीची आहे," ते म्हणाले. "तिला सांगू नका."

"बाई गेल्याचं मी सांगतो," फौजदार म्हणाला. "कुणामुळे गेल्या, ते मात्र तुम्ही सांगायचं. चला."