बुटक्या लाटेचं काय झालं

सरांना हळू चालायला कुणी शिकवलंच नव्हतं. गणित विभागापासून जिन्यापर्यंतचा लांबलचक कॉरिडॉर ते असा तुडवत जात, की विद्यार्थी आपणहून भिंतीला चिकटत. त्यांच्या पत्नी त्याच मजल्यावर ग्रंथालय सांभाळायच्या. बाईंची चाल निवांत, फलकावरची प्रत्येक सूचना वाचत जाण्याची. संध्याकाळी दोघं घरी जायला एकत्र निघत आणि जिन्याशी सर एकटेच पोचत.

सरांची सगळी हयात अरेषीय समीकरणांत गेली होती. त्यातही जीव जडला होता तो उथळ पाण्यातल्या लाटांवर. उंच लाट वेगाने येते, पुढच्या बुटक्या लाटेला गाठते, तिच्यात मिसळते आणि दोघी जशाच्या तशा बाहेर पडतात. फक्त उंच लाट असायला हवी त्यापेक्षा थोडी पुढे गेलेली असते. हे 'थोडी पुढे' म्हणजे नेमकं किती, यावर सरांचे ढीगभर शोधनिबंध होते. बुटकीचा हिशेब ते खुशाल वाचकांवर सोपवून देत.

एका संध्याकाळी डोक्यात समीकरण घोळवत, मान खाली घालून ते निघाले आणि जिन्याशी येऊन दचकले. बाई तर मघाशी पुढे चालत होत्या, आता मागून येत होत्या. त्यांना वळसा घातल्याचं काही आठवेना. धक्काही लागला नव्हता. शर्टाला मात्र बाईंच्या साबणाचा वास येत होता.

घरी आल्यावर सर म्हणाले, "राहू दे उघडी. वारा बरा वाटतोय."

"अहो, खिडकी लावू का म्हणून मी अजून विचारलंही नाही!" बाई हसल्या.

सर खुर्चीतून उडालेच. आपलं समीकरण आपल्यालाच लागू पडलं! एवढा आनंद त्यांना लग्नातही झाला नसेल. मग काय, रोज संध्याकाळी ते मुद्दाम मागे रेंगाळत, बाईंना जरा पुढे जाऊ देत आणि मान खाली घालून सरळ निघत. बाईंना कधी काही जाणवलं नाही. वर्गात तर सरांची चंगळ झाली. हात वर व्हायच्या आत उत्तर तयार. मनातलं ओळखणारे सर म्हणून दुसऱ्या विभागांची मुलंही येऊन बसू लागली.

अशाच एका तासाला ते फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "ती? ती तेवढी मागे पडते."

मागून पहिल्या बाकावरच्या मुलीचा आवाज आला, "सर, मग बुटक्या लाटेचं काय होतं?"

सरांच्या हातातला खडू थांबला.

त्या दिवशी घरी ते बाईंकडे नीट बघत बसले. बऱ्याच दिवसांनी. बाई भाजी चिरता चिरता एकदम खुदकन हसल्या. सरांनी सकाळी सांगितलेला विनोद त्यांना आत्ता पोचला होता.

या बाईशिवाय आपल्याला एक दिवस काढता येणार नाही, हे सरांना कुठल्याही सिद्धतेशिवाय कळलं.

दुसऱ्या दिवशी ते कॉरिडॉरमध्ये मुद्दाम बाईंच्या पुढे राहिले आणि पाय ओढत चालले. तिने आपल्याला गाठावं, आपल्यातून पुढे जावं, की झाली फिट्टंफाट. बाईंची पावलं मागून येत राहिली. सर थांबले की तीही थांबत. बुटकी लाट उंच लाटेला कधीच मागे टाकत नाही, हे त्यांनीच कुठेतरी सिद्ध केलं होतं.

घरी सर खिडकीपाशी उभे राहिले. "अगं, चुकलो मी. फार पुढे आलो. आता तुझ्यासाठी थांबलोय."

बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांनी दोन कप चहा आणला. एक स्वतःपुढे ठेवला, एक सरांच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"अगं, मी इथे आहे."

बाई खुर्चीकडे बघून लाजल्या. असं त्या लग्नानंतरच्या दिवसांत लाजायच्या.

"घ्या ना," त्या खुर्चीला म्हणाल्या. "गार होईल."

सर जागचे हलले नाहीत.

रिकाम्या खुर्चीपुढच्या कपातला चहा घोटाघोटाने कमी होऊ लागला.